सगळ्या नोटिफिकेशन बंद केल्या तर नक्की काय बुडतं?

खडूस_कावळा:
जो तो हल्ली एकच रडगाणं गातोय, माहिती फार झाली, डोकं भणभणतं, फोन फेकून द्यावासा वाटतो. मला हे मुळातच पटत नाही. लायब्ररीत लाखभर पुस्तकं असतात पण तिथे जाऊन कुणाला घेरी येत नाही, कारण एकही पुस्तक आपणहून उठून तुमच्या खिशात येऊन टुंग करत नाही. ढीग कितीही मोठा असू दे, ताप होतो तो न मागता अंगावर येण्याचा. म्हणून माझं सरळ म्हणणं असं की फोन कॉल, ओटीपी आणि कुणीतरी फक्त तुमच्यासाठी टाइप केलेला मेसेज, एवढं सोडून बाकी सगळ्या नोटिफिकेशन बंद करून टाका. तो लाल ठिपक्यातला आकडा पण बंद, कारण आवाज बंद केला तरी तो आकडा बोट खेचतोच. बातम्या हव्या असतील तर आपण जायचं, वाचायचं, परत यायचं. आरएसएस रीडर, म्हणजे साइटवरचे नवे लेख एका जागी आणून देणारी ॲप, अजून जिवंत आहेत बरं का, २०१३ मध्ये गूगल रीडर बंद पडलं म्हणजे आरएसएस मेलं असं नाही. त्यात तुम्ही निवडलेल्या साइट, लागले तसे क्रमाने लेख, आणि ते वाचून संपतात. संपणं महत्त्वाचं आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी काय बुडतं ते उदाहरण देऊन सांगा. उगाच "आजकाल शक्य नाही हो" नको.

रात्रपाळी:
घ्या उदाहरण. मी ऑन-कॉल असते. सर्व्हर बसला की अलर्ट येतो आणि तो माणसाने टाइप केलेला नसतो, मशीनने पाठवलेला असतो. तुमच्या यादीत तो बसतच नाही, आणि तो चुकला तर माझी नोकरी बसते. त्यातून ऑफिसच्या चॅटवर पंधरा चॅनल, त्यात कामाचं एक वाक्य आणि त्याच्याखाली "नोटेड", "नोटेड सर", "थँक्स टीम" आणि अंगठे. म्यूट करावं तर त्यातच एखादा मॅनेजर रात्री उशिरा सगळ्यांना टॅग करून सकाळची मीटिंग टाकतो. हे जे शिस्तीचे सल्ले असतात ना ते ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे त्याला ठीक आहेत.

खडूस_कावळा:
अलर्टचं मान्य, पण मग तेवढं एकच ॲप चालू ठेवा की ताई. "नोटेड सर" वाजलंच पाहिजे असं कुठे आहे?

स्क्रोलग्रस्त:
कावळेदादा, तुम्ही दोष चुकीच्या माणसाला देताय. अनंत स्क्रोल ही काय निसर्गाची देणगी नाही, २००६ च्या सुमारास एझा रास्किन नावाच्या डिझायनरने ती काढली आणि त्यानेच नंतर जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. आधी पान संपायचं, खाली "पुढचं पान" दाबायला लागायचं, तेवढ्या अर्ध्या सेकंदात माणूस म्हणायचा जाऊ दे बास. तो अर्धा सेकंद मुद्दाम काढून घेतला. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू, तेही तसंच. समोर तुम्ही किती वेळ चिकटून राहता हे रोज मोजणारी अख्खी टीम बसलीय आणि इकडे तुम्ही एकट्या माणसाला सांगताय की सेटिंगमध्ये जाऊन बटण दाब.

आणि ते स्क्रीन टाइमचं नाटक. २०१८ मध्ये ॲपल आणि गूगल दोघांनीही ते दिलं, आम्ही पण मोठ्या उत्साहाने लिमिट लावलं. लिमिट संपली की आयफोनच्या पडद्यावर येतं वेळ संपली, आणि त्याच पडद्यावर आजच्यापुरतं दुर्लक्ष करा असाही पर्याय असतो. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवायची, वर म्हणायचं आम्ही जबाबदार आहोत.

जुनं_खोड:
दरवर्षी कुणीतरी शोध लावतो की माहिती फार झाली. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्येच सांगून ठेवलंय की माहिती वाढली की लक्षाचा दुष्काळ पडतो. तेव्हा यातलं एकही ॲप नव्हतं. ५० वर्षं झाली, जग चालू आहे. माणूस सरावतो. मला रोज ढीगभर मेसेज येतात, मी वाचतच नाही, काही त्रास नाही.

स्क्रोलग्रस्त:
काका, सायमनचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा झाला. लक्ष थोडं आहे म्हणूनच ते विकायचा धंदा उभा राहिला. आणि कायद्याने फरक पडतो. युरोपात २०२३ पासून मोठ्या प्लॅटफॉर्मना तुमच्या आवडीनिवडीच्या नोंदींवर न बेतलेली फीड हा पर्याय द्यावाच लागतो. जबरदस्ती केल्याशिवाय दिला असता का?

खडूस_कावळा:
पर्याय दिला, पण तो मेनूत शोधून लावायचा कुणी? शेवटी बटण तुमच्याच हातात आलं ना.

स्क्रोलग्रस्त:
म्हणूनच तो मुळातून तसाच लावून यायला पाहिजे, ज्याला चिकटायचंय त्याने शोधावा मेनू.

ग्रुपची_ॲडमिन:
तुम्ही सगळे आपल्याकडे काय येतं यावरच भांडताय, आपण दुसऱ्यांकडे काय पाठवतो ते कुणी बोलेचना. माझ्या ग्रुपमधला कचरा कुठल्या कंपनीने टाकलेला नाही, चांगल्या शिकलेल्या माणसांनी टाकलाय. २०१८ मध्ये सायन्स नियतकालिकात ट्विटरवरच्या बातम्यांचा मोठा अभ्यास आला होता, त्यात खोटी बातमी खरीपेक्षा लांब आणि वेगाने पसरते असं निघालं, आणि कारण बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, नव्हते, माणसंच होती. व्हॉट्सॲपला २०१९ मध्ये फॉरवर्ड जगभर पाच चॅटवर आणायला लागले, २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला. तरी दोन बाणवाले मेसेज येतातच.

नेहमीचा प्रकार म्हणजे स्क्रीनशॉट. बातमीचं शीर्षक असतं, फोटो असतो, आणि तारखेची ओळ नेमकी कापलेली असते. मी विचारते तारीख कुठाय, तर उत्तर येतं "मला जसं आलं तसं पाठवलं".

जुनं_खोड:
अहो पण प्रत्येक मेसेज तपासत बसायला वेळ कुणाला आहे?

ग्रुपची_ॲडमिन:
तपासू नका ना काका. नुसतं पुढे पाठवू नका. त्याला शून्य सेकंद लागतात. आणि पाठवायचाच झाला तर त्याच पानावर घुटमळत खरं-खोटं ठरवत बसू नका, बाहेर पडा, दुसऱ्या टॅबमध्ये ती साइट कोणाची आहे आणि तीच बातमी अजून कोणी दिलीय का ते बघा. स्टॅनफर्डच्या संशोधकांना फॅक्टचेकर नेमके असंच करताना दिसले होते, प्राध्यापक मंडळी मात्र पान छान दिसतंय म्हणून तिथेच वाचत बसली. तुम्ही वाचत नाही म्हणता ते ढीगभर मेसेज, पण पाठवता रोज, हे मी ॲडमिन म्हणून बघते हो.

जुनं_खोड:
सुप्रभात पाठवणं गुन्हा आहे का आता?

रात्रपाळी:
गुन्हा नाही काका, पण तुमच्या सुप्रभातच्या वेळी मी नुकतीच झोपलेली असते.

कावळेदादा, काल अलर्टचं एक ॲप सोडून बाकी सगळं गप्प केलं. शांत वाटलं हे खरं. सकाळी मॅनेजर म्हणाला "मेसेज बघितला नाहीस का?" फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, कामाच्या वेळेबाहेर मेसेज कसे आणि कधी याची कर्मचाऱ्यांशी बोलणी करायला लागतात कंपन्यांना. आपल्याकडे तसं होईपर्यंत आमच्या मॅनेजरला काय उत्तर द्यायचं तेवढं सुचवा, तेही बटण सेटिंगमध्ये आहे का?

खडूस_कावळा:
त्यांच्याच चॅनलवर लिहा "नोटेड सर".