मदत हवी आहे: बर्बेरिनची कॅप्सूल जेवणाआधी की नंतर? (लवकर सांगा)

रामबागचा_राजू:
साधा प्रश्न आहे. शुगरसाठीची बर्बेरिनची कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची की जेवल्यावर? बाटलीवर नुसतं 'दिवसातून दोनदा' लिहिलंय. दुकानदार म्हणतो, कधीही घ्या. संध्याकाळची वेळ होत आलीय म्हणून घाईत विचारतोय. चालायला जा, भात सोडा ही प्रवचनं नकोत, ती घरात भरपूर होतात.

काउंटरमागून:
कोणाला द्यायची आहे? वय? शुगरच्या गोळ्या चालू आहेत का? बाटलीवर मिलिग्रॅम किती, आणि ते कशाचे?

सुदामानगरची_काकू:
बर्बेरिन म्हणजे दारुहळदच ना रे? आमच्या सासूबाई सियागंजातून पिवळी लाकडं आणवायच्या आणि काढा करायच्या. मुरगळल्यावर लेपही तिचाच.

पोहे_जिलबी_शेव:
काकू, लेपाची ती आंबेहळद. दारुहळद वेगळी. आणि नाव ऐकून कोणी खूश होऊ नका, 'दारु' म्हणजे संस्कृतात लाकूड. 😄

रामबागचा_राजू:
वडिलांना. ६८ वय. थोडी शुगर आहे, बाकी ठणठणीत, रोज राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येतात. बाटलीवर 'दारुहरिद्रा अर्क ५०० मिग्रॅ' आहे. प्रश्न फक्त वेळेचा आहे हो!

काउंटरमागून:
'थोडी' म्हणजे किती? आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला थोडीच असते. एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, आकडा द्या आणि गोळ्यांची नावं पत्त्यावरून (स्ट्रिपवरून) वाचून लिहा.
अर्क ५०० मिग्रॅ म्हणजे बर्बेरिन ५०० मिग्रॅ नव्हे. अर्कात बर्बेरिन किती टक्के, हे लिहिलं नसेल तर आत दहा आहे की नव्वद ते बाहेरून कळणार नाही. पिवळ्या रंगावर जाऊ नका, रंग काय, साध्या हळदीलाही असतो.

बिवळ्याचा_पेला:
कशाला त्या कॅप्सुली? विजयसाराचा, म्हणजे आपल्या बिवळ्याचा, लाकडी पेला घ्या. रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी तपकिरी होतं, ते प्या. मी चार वर्षं पितोय. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनेसुद्धा विजयसारावर अभ्यास केला आहे, १९९८ साली छापून आला.

काउंटरमागून:
त्या अभ्यासात रोज काही ग्रॅम अर्क मोजून दिला होता. पेल्यातलं पाणी नव्हे. शिवाय चार वर्षांत तुमचा पेला झिजला असेल, त्यात आता उतरतंय काय?

बिवळ्याचा_पेला:
तुम्ही औषधवाले, तुम्हाला पेला कसा पटेल.

सराफ्याचा_पाहुणा:
खरी मजा गुडमारमध्ये आहे. त्याला बेडकीचा पाला म्हणतात. दोन पानं चावून सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो होतो, रबडी खाल्ली तर खडूची पेस्ट लागली, साखर तर वाळूच. अर्ध्या तासाने जिभेला गोड परत कळायला लागलं, तोवर पैसे वाया. पाल्यातली द्रव्यं जिभेवरची गोडाची जागाच अडवून बसतात. शुगर किती उतरली ते नाही माहीत, पण त्या रात्री गोड खाल्लं नाही हे खरं.

पोहे_जिलबी_शेव:
रबडीचा असा अपमान सराफ्यात करणाऱ्याला इंदुरातून तडीपार केलं पाहिजे.

रामबागचा_राजू:
घ्या बाबा एकदाचं. एचबीए१सी ८.१. गोळ्या: ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली, दोन वेळा. कोलेस्ट्रॉलची अटोरव्हास्टॅटिन. ब्लडप्रेशरची एक आहे, नाव वाचता येत नाही, कात्रीने कापलंय. कॅप्सूल नऊ दिवसांपासून चालू आहे आणि गुण येतोय, कारण दोन-तीन दिवस संध्याकाळी त्यांना दरदरून घाम येतो, हात थरथरतात आणि खूप भूक लागते. दुकानदार म्हणाला, चरबी वितळतेय. आता सांगा, आधी की नंतर?

काउंटरमागून:
आज कॅप्सूल देऊच नका. आणि शुगर आत्ता मोजा, मशीन नसेल तर शेजारून आणा.
घाम, थरथर, भूक ही शुगर खाली गेल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तिच्यावर आणखी साखर उतरवणारं काही चढवलं की आकडा नको तेवढा पडतो. बर्बेरिन यकृतातली औषधं मोडणारी काही एन्झाइम्सही अडवतं, त्यामुळे कोलेस्ट्रॉलच्या काही स्टॅटिन गोळ्या रक्तात वाढू शकतात. झाडपाला म्हणून त्याला दुसऱ्या औषधाशी भांडण नसतं असं नाही.

आकडेमोड्या:
उगाच घाबरवू नका. २००८ मध्ये चीनमधला अभ्यास आला होता, त्यात बर्बेरिन मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड ठरलं. तीन महिन्यांत एचबीए१सी ९.५ वरून ७.५.

काउंटरमागून:
त्या तुलनेत ३६ जण होते, सगळे नव्याने निदान झालेले. बर्बेरिन रोज १.५ ग्रॅम मोजून, तीन वेळांत विभागून दिलेलं. इथे ६८ वर्षांचा माणूस आधीच तीन-चार औषधांवर आहे आणि बाटलीत किती ते कोणालाच माहीत नाही. काम करतं म्हणूनच तर भीती आहे, साहेब.

सुदामानगरची_काकू:
राजू, मोजलीस का रे?

रामबागचा_राजू:
शेजारच्या वहिनींच्या मशीनवर ६२ आली. दोन जिलब्या दिल्या.

काउंटरमागून:
जिलबीतल्या तुपाने साखर उशिरा चढते. पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून द्या, शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तरच. १५ मिनिटांनी परत मोजा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. आकडा ७० च्या वर आल्यावर नीट जेवण द्या आणि झोपताना मोजा, कारण या गोळीने तासाभराने परत खाली जाऊ शकते. डॉक्टरांना फोन आत्ता करा. ग्लानी आली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात.

रामबागचा_राजू:
१०४. बोलताहेत, मलाच रागावले, तुझ्या पिवळ्या गोळ्यांनी जीव घेशील म्हणाले. डॉक्टर फोनवर म्हणाले, कॅप्सूल बंद, जेवल्यावर मोजून कळवा, मग रात्रीच्या गोळीचं सांगतो, उद्या सगळे पत्ते आणि ती बाटली घेऊन या. डॉक्टरांना कॅप्सूलचं सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, हर्बल आहे, त्यात काय सांगायचं.

बिवळ्याचा_पेला:
पेला घेतला असता तर हे झालं नसतं.

जुना_सभासद:
आत्ता धागा बघितला. बर्बेरिन जेवणाबरोबर घेतात, पोटाला बरं पडतं. काहींना जुलाब, काहींना बद्धकोष्ठ होतं.

पोहे_जिलबी_शेव:
काका, वरचं वाचा.

सराफ्याचा_पाहुणा:
राजू, उरलेली बाटली अर्ध्या किमतीत देतोस का?

काउंटरमागून:
तुमच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?