‘कट्टा फोडा, कॅमेरे लावा’ म्हणणाऱ्यांना थोडं बोलायचंय

जुना गल्लीकर
परवा आपल्या पुण्यातल्या बंधूंनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचलंच असेल. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात गल्लीतनं दोन मोटारसायकली गेल्या. म्हणून आता दोन्ही तोंडांना लोखंडी गेट, रात्री दहाला कुलूप, १२ कॅमेरे, ६ सोलरचे दिवे, दर घरी ३,००० रुपये पट्टी. आणि तालमीसमोरचा कट्टा फोडायचा, कारण तिथे ‘रिकामटेकडे’ बसतात. शेवटी वर तोंड करून, ‘आपण स्मार्ट सिटीत राहतो, जरा स्मार्ट होऊया.’

स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत २०१६ साली बेळगावचं नाव आलं तेव्हा मी स्वतः अर्धा किलो कुंदा वाटलाय. मला स्मार्टपणा शिकवू नका.

मंगाईच्या यात्रेला आपल्या वडगावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी गेटची किल्ली कोणाकडे? रात्री दीडला कुणाच्या छातीत कळ आली तर अँब्युलन्स बाहेर हॉर्न मारत बसणार, आणि आपण पंचांच्या घरी किल्ली मागायला जाणार?

आणि कट्टा. मागच्या उन्हाळ्यात समोरच्या अव्वा पावणेबाराला कट्ट्याच्या टोकाला वारा खात बसल्या होत्या. एक पोरगा आमच्या स्कूटरचं हँडल हलवून बघत होता. अव्वांनी बसल्या जागेवरनं कानडीत ‘यारप्पा?’, म्हणजे ‘कोण रे?’, एवढंच विचारलं. गडी चप्पल टाकून पळाला. ती चप्पल अजून तालमीच्या पत्र्यावर आहे. कॅमेऱ्यानं काय केलं असतं? त्याचा फोटो काढला असता. तोही टोपीचा.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक घरानं बाहेरचा एक दिवा रात्रभर ठेवायचा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास टीव्ही सोडून दारात बसायचं. पट्टी शून्य.

सध्या पुण्यात
काका, चप्पल दाखवून पोलीस तपास करतील का? गोष्ट छान आहे, खरं त्या दोन गाड्या गेल्या तेव्हा कट्टा जागेवरच होता ना? अव्वाही होत्या. गाड्या पहाटे तीनला गेल्यात. तीनला कोण वारा खात बसतं?

माझी आई ७४ वर्षांची आहे, एकटी असते. दुपारी कोण दार वाजवून ‘गॅसचा पाईप तपासायला आलोय’ म्हणतो, कोण आत येतो, मला इथे काही कळत नाही. फोनवर दार दिसलं तर मला झोप लागेल. यात एवढं चिडायला काय झालं?

जुना गल्लीकर
आईची काळजी आहे तर दारावर एक कॅमेरा लाव की बाबा, कोण नको म्हणतंय! आमचा कट्टा का फोडतोस?

निवृत्त वायरमन
दोघांनीही हिशेब केलेला नाही, म्हणून लिहितो.

९ वॅटचा एलईडी, १२ तास, ३० दिवस. म्हणजे ३.२४ युनिट. एका घराला महिन्याला सव्वातीन युनिट. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असता तर साडेएकवीस गेले असते, तो कुणी लावू नका.

आता कॅमेरे. एकेक ५ वॅट धरा, रात्री अंधारात बघायला त्याचे आतले दिवे लागतात तेव्हा जास्तच. १२ कॅमेऱ्यांचे ६०, रेकॉर्डरचे २०. हे चोवीस तास चालणार. महिन्याला जवळजवळ ५८ युनिट. कुणाच्या मीटरवर? तालमीच्या? आणि करंट गेला की सगळं आंधळं. बॅटरी ठेवा म्हणाल, तर तीन वर्षांनी ती बदलायची कोण?

सोलरच्या खांबावरच्या दिव्याचं पण तेच. उन्हाळ्यात झकास. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आपल्याकडं. तो दिवा रात्री नऊला मान टाकतो.

खासबागची काकू
भाऊजी, सव्वातीन युनिट म्हणायला सोपं आहे. आमचं गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेचं, महिन्याला किती बसतं माहीत आहे का? ५७. मी २०२२ सालची दिवाळी झाली तशी मुलीच्या बाळंतपणाला दादरला गेले, पुढे पाच-सहा महिने घर बंद. फुकटचा आकडा त्याच वर्षाच्या सरासरीवर ठरला, ती निघाली ५२. त्यावर १० टक्के, संपलं. आता मुलगा-सून परत आलेत, ११० जातं. वरचे सगळे पैसे भरतोय. शेजारी एसी लावून शून्य बिल, कारण त्यांनी त्या वर्षी भरपूर जाळलं होतं. ज्यानं काटकसर केली तो मूर्ख!

तिसरी पिढी
काकू, तुमचं निदान वरचंच जातं. आमचं एकत्र कुटुंब, महिना १९६ ते १९८. वायरमन मामांचे तीन युनिट लावले की २०१. आणि २०० च्या वर एक जरी गेला तरी फक्त वरचे नाही, सगळ्याच्या सगळ्या युनिटांचं बिल. गल्लीच्या सुरक्षेसाठी मी सगळं बिल भरू?

निवृत्त वायरमन
तुमच्या फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय. मी मागच्या संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलो तेव्हाच बघितलंय, दार लागतच नाही. ते बदला, १५ युनिट वाचतील. मग चार दिवे लावा. उगाच दिव्याच्या नावानं खडे फोडू नका.

सध्या पुण्यात
हेच मला कळत नाही. गल्लीत चोऱ्या होतात आणि तुम्ही तीन युनिटांवर भांडताय. छतावर सोलर बसवा की! ३ किलोवॅटला केंद्राचे ७८,००० मिळतात. आमच्या सोसायटीत बसवलंय. पण नाही. तुम्हाला फुकटची सवय लागलीय.

तिसरी पिढी
फुकट? कर कोण भरतो मग? आणि ज्याचं बिल आधीच शून्य आहे त्यानं खिशातला लाख घालून सोलर का बसवायचं? उद्या योजना बंद झाली तर बघू. तुमच्याकडं बिल येतं म्हणून तुम्ही शहाणे झालात, एवढंच.

खासबागची काकू
आमचं छप्पर कौलारू आहे. कौलांवर सोलर ठेवता का ठेवू?

मागवाला
मी हे सगळं वाचून हसूलालोय. घरचं बिल शून्य का सत्तावन्न यावर पारायण चाललंय. आमच्या दोन मागांच्या खोलीत करंट दिवसातनं चार वेळा जातो. प्रत्येक वेळी धागा तुटतो, कापडाला डाग पडल्यासारखी रेघ येते, व्यापारी दर पाडतो. ते कुणी मोजलं का? फुकट नको, खरं अखंड द्या. गोकाकच्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकात वीज केली म्हणून आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. तिथनं इथवर यायला तिला अजून वाट सापडली नाही.

तिसरी पिढी
कसं सापडणार? बिल कानडीत, अर्ज कानडीत, काउंटरवर गेलं तर साहेब कानडीतच बोलणार. १९५६ ला बेळगाव कानडी राज्यात घातलं तेव्हापासून हेच चाललंय.

जुना गल्लीकर
आला विषय. मी वाटच बघत होतो.

तिसरी पिढी
का यायला नको? मराठी माणसाला त्याच्या बिलात काय लिहिलंय ते कळायला नको का? काकूंना सरासरी वेळेत कळली असती तर त्यांनी चौकशी केली असती. भाषेचा प्रश्न हा विजेचाच प्रश्न आहे.

निवृत्त वायरमन
मी ३१ वर्षं कानडीत मीटर-बुक लिहिलं आणि घरी मराठीत भांडलो. तुमचा मुद्दा मी नाकारत नाही, मराठीत कागद मिळावा म्हणून निवेदनावर माझी पण सही आहे. खरं नियमच तसा होता, मराठीत वाचला असता तरी ५७ चे ६० झाले नसते. आणि त्या अव्वा, ज्यांनी चोर पळवला, त्यांनी तो कानडीतच पळवला. एवढं लक्षात असू दे.

तिसरी पिढी
अव्वांबद्दल मी काय बोललोय? अव्वा आमच्याच आहेत. शब्द तोंडात घालू नका.

ढोलपथक
मंडळावर कुणी अजून घसरलं नाही म्हणून आश्चर्य वाटत होतं.

खासबागची काकू
घसरते की. दरवर्षी डॉल्बीला पैसे कुठनं येतात? आम्ही वर्गणी देतो. विसर्जनाची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी चालूच असते, आमच्या काचा हादरतात. आणि बोळाच्या तोंडाचा होल्डर दोन वर्षं लोंबकळतोय, त्याला ४० रुपये निघत नाहीत. मंडपाची वीज कुठून घेता तेही माहीत आहे मला.

ढोलपथक
काकू, मंडपाला आम्ही रीतसर तात्पुरतं कनेक्शन घेतो, पावती दाखवतो. आकडा टाकायचा तो काळ तुमच्या दिरांच्या अध्यक्षपदाचा. २०१९ च्या ऑगस्टात पाऊस कोसळत होता तेव्हा तुमच्या सासूबाईंना खुर्चीत बसवून कुणी बाहेर काढलं? याच ‘रिकामटेकड्यां’नी. कट्ट्यावरच्या पोरांनी. पुण्यातनं फोन आला होता, ‘व्हिडिओ पाठवा’ म्हणून.

सध्या पुण्यात
तो फोन माझा नव्हता. आणि असला तरी काळजीचाच होता. जे बाहेर गेले ते सगळे पळपुटे, हे आता बास झालं. इथे नोकरी असती तर कोण गेलं असतं?

रात्रपाळी
मी सहसा लिहीत नाही. सगळे पुरुष आणि एक काकू मिळून कट्टा ठेवायचा का फोडायचा ते ठरवताय, म्हणून लिहिते.

मी दवाखान्यात कामाला आहे. दुसरी पाळी संपवून रात्री साडेदहाला येते. तालमीच्या रस्त्यानं घर चार मिनिटांवर आहे. मी मागच्या बोळातनं फिरून नऊ मिनिटांनी येते. गेली दीड वर्षं. का ते तुम्हाला कळलंच असेल. कुणी अंगाला हात लावलेला नाही. पण मी आले की गप्पा थांबतात, आणि मी वळले की हशा होतो. ढोलपथकवाल्या दादांना मी नावानिशी ओळखते, त्यांनी सासूबाईंना बाहेर काढलं तेही खरं आणि हेही खरं.

आणि कॅमेरे? ते ज्याच्या मोबाईलवर दिसणार तो कोण? मंडळाचाच कुणीतरी. म्हणजे मी किती वाजता आले, कुणाच्या गाडीवरनं आले, हे आता कट्ट्यावर न बसताही दिसणार. नको मला.

मला फक्त त्या मागच्या बोळात एक दिवा पाहिजे.

जुना गल्लीकर
पोरी, हे आधी का नाही सांगितलंस?

रात्रपाळी
कुणाला सांगू? कट्ट्याला?

ढोलपथक
हसणं तुझ्यावर नसतं. आमच्या आमच्यात कायतरी चाललेलं असतं.

रात्रपाळी
असेल. मला नऊ मिनिटं लागतात.

ढोलपथक
बरं. मी पोरांशी बोलतो. इथे यापेक्षा जास्त लिहीत नाही.

सध्या पुण्यात
म्हणजे शेवटी माझंच खरं ठरलं ना? कट्ट्याचा त्रास आहेच. मी तेच म्हणत होतो.

जुना गल्लीकर
तू ‘रिकामटेकडे’ म्हणत होतास. ती वेगळंच सांगूलालीय. तरी मान्य, माझ्या अव्वांच्या गोष्टीत ही बाजू नव्हती. रात्री दहा ते अकरा आम्ही म्हातारे कट्ट्यावर बसू, पोरांनी तालमीच्या आत बसावं. अव्वांना मी विचारतो. गेटचं मात्र नाव काढू नका.

मागवाला
आमच्या खानापूरच्या पाहुण्यांच्या गल्लीत ८ कॅमेरे आहेत. गाडी गेली तेव्हा रेकॉर्डर उघडायचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. बसवून गेलेला पोरगा गोव्याला कामाला. तिसऱ्या दिवशी उघडला तर डिस्क भरून बंद पडलेली. एवढं सांगायचं होतं, मघाशी करंट गेल्यामुळं राहिलं.

सध्या पुण्यात
ठीक आहे, १२ नको. गल्लीच्या दोन तोंडांना दोन, गाडीचा नंबर दिसेल एवढ्या उंचीवर, कुणाच्या दाराकडे न वळवता. रेकॉर्डर पंचांच्या कपाटात, कुलूप लावून, मोबाईलवर कुणालाच नाही. मलाही नाही. पैसे मी देतो. आता तरी खूश?

तिसरी पिढी
पैसे देतो म्हणून फलकावर नाव लागणार का? आणि फलक कुठल्या भाषेत?

खासबागची काकू
अरे देवा.

निवृत्त वायरमन
मागच्या बोळातला दिवा माझ्या मीटरवर घ्या. आमचं ६० च्या वर जात नाही, जागा आहे. होल्डर, वायर माझ्याकडे पडलीय. उद्या संध्याकाळी बसवतो. मंडळाची शिडी कोणाकडे आहे?

ढोलपथक
आमच्याकडे नाही. गणपतीनंतर तालमीत ठेवली होती.

जुना गल्लीकर
तालमीत नाही. मी मे महिन्यात ती चप्पल काढायला शोधली होती.

खासबागची काकू
आमच्या दिरांनी कौलं बघायला नेली होती. ती परत केली. नंतर तिसऱ्या पिढीकडे दिली.

तिसरी पिढी
आमच्याकडे आहे ती लाकडी. ती आमची स्वतःची आहे.

निवृत्त वायरमन
स्वतःची असली तरी आणा. पाच वाजता. तळाला एक पायरी मोडलीय तिची, ती मला माहीत आहे.