पिकअपचं ऑटोमॅटिक गिअर ऑइल: ‘सीलबंद आहे, हात लावू नका’ हे कुठवर ऐकायचं?

बायूकाठचा

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पिकअपला ट्रेलर लावत असाल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल साठ हजार मैलांना बदलायचं, आणि त्याची पातळी तपासायला स्वतः शिकायचं. सर्व्हिस काउंटरवरचा माणूस ‘सर, सील्ड युनिट आहे, लाइफटाइम फ्लुइड आहे’ म्हणाला तरीही.

गाडी टोयोटा टकोमा, दुसऱ्या पिढीतली (२००५ ते २०१५), चार लिटरचं व्ही-६ इंजिन, पाच गिअरचा ए७५० बॉक्स. राहतो ह्यूस्टनला. उन्हाळ्यात मागे बोट लावून तळ्यावर जाणं ठरलेलं. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळी, नाही. डिपस्टिक नाही म्हणजे तपासायची गरज नाही, असा अर्थ लोकांनी आपल्या सोयीने काढलाय. टोयोटाच्याच मेंटेनन्स पुस्तिकेत मात्र ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी, जड सामान वाहणाऱ्यांसाठी ६०,००० मैलांना ऑइल बदला असं छापलंय. ते पान उघडतो कोण?

ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नाही. त्याच्याच दाबावर गिअर पडतात, त्याच्यातूनच टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद पुढे देतो, आणि क्लचप्लेटा किती घट्ट, किती अलगद धरायच्या हेही त्यात मिसळलेल्या मसाल्यावर, म्हणजे रसायनांवर, ठरतं. चढावर बोट ओढताना कन्व्हर्टर लॉक होत नाही, आतल्या आत घसरत राहतो आणि ती सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. गाडी तीच, मैल तेच, पण ऑफिसला जाणाऱ्याचं ऑइल आणि बोट ओढणाऱ्याचं ऑइल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता तपासणं. खरी मेख इथे आहे, कारण बदलणं त्या मानाने सोपं. गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) ठेवायची. उजव्या बाजूला वर भरायचा बोल्ट असतो, त्यावर ‘डब्ल्यूएस’ हे टोयोटाच्या ऑइलचं नाव लिहिलेलं असतं. आधी तो सुटतोय का बघा, मगच खालचा सोडा. नाहीतर चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) रिकामा, वरचा बोल्ट गंजून बसलेला आणि गाडी घोड्यांवर, अशी गंमत होते. चेंबरला ड्रेनचा एक बोल्ट आणि पातळीचा दुसरा, ५ मिमीच्या ॲलन कीचा. ऑइल भरून इंजिन चालू करायचं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवायचा. ऑइलचं तापमान ३६ ते ४६ अंश सेल्सिअसच्या मध्ये असताना, इंजिन चालू ठेवूनच, पातळीचा बोल्ट काढायचा. धार आली तर ती थेंबांवर येईपर्यंत थांबायचं. काहीच आलं नाही तर कमी आहे, पंपाने आणखी भरा.

तापमान कळायला महागडं यंत्र लागत नाही. ओबीडी सॉकेटमधल्या (डॅशबोर्डखाली तपासणीचं यंत्र जोडायची जागा) ४ आणि १३ नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडून लिव्हर एन आणि डीमध्ये मागे-पुढे केला की मीटरवरचा डीचा दिवा सांगतो: बंद म्हणजे थंड, लागलेला म्हणजे बरोबर, लुकलुकला म्हणजे फार तापलं.

बोला. शिव्या चालतील, पण कारणासकट.

जुना_खटारा

शिव्या कशाला, सरळ असहमत म्हणतो.

माझ्याकडे शेवरले सिल्व्हराडो आहे, चार गिअरची ४एल६०ई. डॅलसमध्ये दोन लाख मैल झाले, गिअरबॉक्सला कोणी हात लावला नाही, आजही लोण्यासारखे गिअर पडतात. उलट शेजाऱ्याने एक लाख सत्तर हजारावर हौसेने ऑइल बदललं आणि महिन्याभरात रिव्हर्स गेला. जुन्या ऑइलमध्ये क्लचप्लेटांची जी भुकटी असते तिच्यावरच जुना बॉक्स धरून असतो. नवं ऑइल घातलं की ती धुऊन निघते. हे मला एका म्हाताऱ्या ट्रान्समिशनवाल्याने सांगितलंय, ज्याला ऑइल विकण्यात काडीचा रस नव्हता.

आणि तुमची ती ३६ ते ४६ अंशांची सर्कस! ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेजच ३८ अंशांवर असतं, राव. ऑइल चुकीच्या तापमानाला तपासलं, अर्धा लिटर कमी राहिलं, तर जुन्या ऑइलने झालं नसतं एवढं नुकसान होईल. चालतंय ते चालू द्यावं.

मिशिगनमामा

मी डेट्रॉइटजवळ गिअरबॉक्सच्याच धंद्यात आहे, अभियंता म्हणून. दोघांशीही थोडं भांडतो.

खटारासाहेब, भुकटीची गोष्ट जगभर ऐकू येते. लोक ऑइल बदलायला कधी जातात? गिअर उशिरा पडायला लागला, झटका बसायला लागला की. म्हणजे प्लेटा आधीच गेलेल्या असतात. मग ऑइल बदलतात, महिन्याने बॉक्स बसतो आणि नाव ऑइलचं होतं. तरीही तुमच्या म्हाताऱ्याचं अर्धं बरोबर आहे. ऑइल काळं पडलंय, जळकट वास येतोय आणि गाडी घसरतेय, अशा वेळी नवं ऑइल घालून काही वाचत नाही. तो पैसा ओव्हरहॉलसाठी ठेवा.

सिल्व्हराडोच्या त्या काळातल्या पुस्तिकेत जड वापरासाठी ५०,००० मैलांचा आकडा आहे, हेही सांगून ठेवतो. तुमची गाडी टिकली कारण तुम्ही बहुधा ट्रेलर लावत नाही.

बायूकाठचे, तुमचा मुद्दा बरोबर, पण सगळ्यांना ‘स्वतः करा’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं. प्रत्येक गाडीचा नियम वेगळा. सिल्व्हराडोमध्ये ऑइल गरम, इंजिन चालू, लिव्हर पार्कमध्ये. डिपस्टिक असलेल्या जुन्या डॉज रॅममध्ये इंजिन चालू पण लिव्हर न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये त्यांचा कन्व्हर्टर नीट भरत नाही. होंडा रिजलाइनमध्ये गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि दीड मिनिटाच्या आत बघायचं. २०१३ पासूनच्या आठ गिअरच्या रॅम १५०० मध्ये झेडएफ कंपनीचा बॉक्स, तिथे ३० ते ५० अंशांना बोल्टमधून. एका गाडीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या गाडीखाली शिरणारे मी बघतो. ऑइलही तसंच: टोयोटाला डब्ल्यूएस, फोर्डच्या दहा गिअरला मरकॉन यूएलव्ही, त्याच्या आधीच्या सहा गिअरला मरकॉन एलव्ही. नावात एका अक्षराचा फरक आणि ऑइलं एकमेकांना चालत नाहीत.

बायूकाठचा

मामा, धोका मान्य. पण त्यावर उपाय ‘करूच नका’ कसा होईल? आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल वाचून करा, एवढंच माझं म्हणणं.

खटारासाहेब, गॅरेज ३८ अंशांवर असेल तर पहाटे करा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तिशीच्या खाली असते, चालू केल्यावर ३६ ला यायला थोडा वेळ मिळतो. घाई फक्त ४६ च्या पुढची असते. गरम ऑइल फुगतं, जास्त सांडतं आणि आपण समजतो पातळी बरोबर झाली. थंड झाल्यावर ते कमीच निघतं.

तुम्ही ‘चालतंय ते चालू द्यावं’ म्हणता, पण चालतंय की नाही हे कळणार कसं? आमच्या पिढीच्या टकोमांचा नामी रोग आहे. गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरमधूनच जाते. तिथला सांधा आतून फुटला की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण) गिअर ऑइलमध्ये मिसळतं आणि गुलाबी मिल्कशेक तयार होतो. इकडे त्याला नावच ते पडलंय. क्लचप्लेटांवरचं अस्तर कागदी आणि डिंकाने चिकटवलेलं, त्याला पाणी आणि ग्लायकॉल लागलं की सुटायला लागतं. वेळेवर चार थेंब बघितले असते तर एका रेडिएटरवर भागलं असतं. न बघणाऱ्याला चार-पाच हजार डॉलरचा बॉक्स.

करवीरकर

कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे, ऑटोमॅटिक. इकडे अशा गाड्या कमी, आणि त्यांच्या गिअरबॉक्सबद्दल बोलणारे त्याहून कमी. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ‘त्याला काही लागत नाही साहेब’ एवढंच उत्तर. बाहेरच्या मेस्त्रीला विचारलं तर तो डिपस्टिक शोधतोय.

तुम्ही बोटी ओढता, आम्ही आंबा घाटातून माल भरून वर येतो. एप्रिलमध्ये, पुढे उसाचा ट्रॅक्टर, वेग पंधरा-वीस. कन्व्हर्टरचे हाल तेच असणार ना?

दुसरी शंका पाण्याची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. इंजिन ऑइल सगळ्यांनी बदललं. गिअरबॉक्सकडे कोणी बघितल्याचं ऐकलं नाही.

मिशिगनमामा

हाल तेच, किंबहुना जास्त. कमी वेग, पूर्ण भार आणि समोरून वारा नाही, याहून वाईट परिस्थिती कूलरसाठी नसते.

पुराचं तर विचारूच नका. गिअरबॉक्सला वर हवा जायला एक नळी असते, ब्रीदर. गरम बॉक्स पाण्यात बुडला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. ह्यूस्टनमध्ये २०१७ च्या हार्वे वादळानंतर अशा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्याच्या तक्रारी होत्या. जुनी पिकअप घेणाऱ्याने गाडी उचलून पातळीच्या बोल्टमधून येणारं ऑइल बघावंच. लाल-पारदर्शक ठीक, तपकिरी म्हणजे वय झालंय, दुधाळ दिसलं तर घर गाठा.

अवांतरप्रिय

अवांतर होईल, पण राहवत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. प्लेटा अलगद धराव्यात म्हणून. देवमाशांच्या शिकारीवर बंदी आली आणि कंपन्यांना नवे मसाले शोधावे लागले. म्हणजे तुमच्या बापजाद्यांच्या शेवरलेत देवमासा होता!

चालू द्या.

जुना_खटारा

देवमासा बरा होता, निदान काउंटरवर येऊन फ्लश, म्हणजे मशीनने बॉक्स धुणं, विकत नव्हता.

माझा राग खरं तर तिथे आहे. साधं इंजिन ऑइल बदलायला गेलं की तो पोरगा नव्या-जुन्या ऑइलच्या रंगांची तांबडी-काळी पट्टी दाखवतो आणि ‘सर, फुल पॉवर फ्लश करून घ्या’ म्हणतो. भीती घालून विकतात. बायूकाठच्यांचा हेतू चांगला असेल, पण असे धागे वाचून लोक त्याच पोराच्या हाती गाडी देतात. आणि मामा, कंपनीने एवढा खर्च करून गाडी बनवली, तिला ऑइल बदलायचं असतं तर डिपस्टिक दिली नसती का?

मिशिगनमामा

डिपस्टिक काढण्याचं एक कारण म्हणजे लोक तिथून भलतंच ऑइल ओतायचे, हे धंद्यातलं उघड गुपित. ऑइल कधीच बदलायचं नाही असा त्याचा अर्थ नाही. झेडएफ ही स्वतः बॉक्स बनवणारी कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, यात जे आधी येईल तेव्हा बदला म्हणते. त्याच कंपनीचा बॉक्स लावून गाडीवाले ‘आयुष्यभराचं ऑइल’ म्हणून विकतात. मेंटेनन्सचा खर्च कागदावर कमी दिसला की विक्री सोपी जाते.

फ्लशबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने. मशीनने दाब देऊन धुण्यापेक्षा चेंबर रिकामा करून भरणं मला बरं वाटतं. एका वेळी सगळं निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. टकोमामध्ये दहा लिटरच्या आसपास असतं, निघतं साधारण तीन. म्हणजे एकदा केलं तर तीस टक्के नवं, दोनदा केलं तर निम्मं, तीनदा केलं तर दोन तृतीयांश. मध्ये हजारेक मैल जाऊ द्यायचे. जुन्या बॉक्सला असा हळूहळू बदल मानवतो.

चेंबर उतरवलाच तर तळाचे लोहचुंबक बघा. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असेल तर ती वयाची झीज. नखात अडकणारे कण असले तर चेंबर परत लावायच्या आधी चांगल्या ट्रान्समिशनवाल्याला फोन करा.

बायूकाठचा

वॉरंटीची भीती घालणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. स्वतः ऑइल बदललं एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. ऑइलच्या पावत्या, तारीख आणि मैल लिहून ठेवायचे. जुनं ऑइल पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत फुकट घेतात, गटारात ओतू नका.

करवीरकर, मेस्त्री डिपस्टिक शोधत असेल तर त्याला गाडी देऊ नका. सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा: माझ्या बॉक्सला कुठलं ऑइल, किती, आणि पातळी कुठल्या तापमानाला. लेखी विचारलं की ‘काही लागत नाही’ म्हणणं जरा अवघड जातं.

करवीरकर

विचारतो. उत्तर आलं तर इथे टाकतो.

जुना_खटारा

मी माझं बदलणार नाही, ते सांगूनच ठेवतो. ट्रेलर लावत नाही हे मामांचं खरं आहे, आणि दोन लाखांवर कशाला नसती आफत.

पण मुलाने मागच्या वर्षी जुनी टकोमा घेतलीय, २००८ ची, चाळीस हजारांचाच वापर म्हणून. तिचा रेडिएटर मूळचाच आहे. मामा, गाडी न उचलता, वरून बघून काही कळतं का?

मिशिगनमामा

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा. कूलंटवर तेलाचा तवंग किंवा आत गुलाबी साय दिसली तर गाडी चालू करू नका, ट्रकवर घालून न्या. काही दिसलं नाही तरी खात्री धरू नका, कूलंट तिकडे गेलेलं इकडे दिसेलच असं नाही. इतका जुना रेडिएटर असेल तर मी तो आधी बदलला असता आणि त्याच दिवशी पातळीचा बोल्टही उघडून बघितला असता.

जुना_खटारा

म्हणजे शेवटी गाडीखाली शिरायला लावलंतच. ॲलन की ५ मिमीची म्हणालात ना?