गुत्ता नव्हे, पब: वर्गणी भरलेल्या एका ‘येड्या’चं उत्तर

डोंगरपल्याड

परवा या मंचावर कुणीतरी बातमी डकवली होती. इंग्लंडातल्या एका खेड्यात बंद पडलेला पब विकत घ्यायला गावकऱ्यांनी पैसे गोळा केले, एवढीच बातमी. वर शेरा: "आमच्याकडच्या अडाणी बायका गुत्ते फोडतात, तिकडचे शिकलेले येडे गुत्त्यासाठी वर्गणी काढतात. आता सांगा, मागास कोण?" खाली हसणाऱ्यांची रांग. मीही हसलो असतो, पण त्या येड्यांपैकी मी एक आहे. यॉर्कशरमधल्या आमच्या गावच्या पबचे पाचशे पौंडांचे शेअर माझ्या नावावर आहेत आणि मी पीत नाही. वर्षातून एकदा शँडी, म्हणजे लेमनेड मिसळलेली बिअर, तीही बायकोची उरलेली.

गावात घरं शंभर-सव्वाशे. पोस्ट गेलं, दुकान गेलं, शाळा शेजारच्या गावात गेली. बस दिवसाला दोन, रविवारी एकही नाही. पाद्री एक आणि त्याच्या गळ्यात सहा चर्चं. उरला होता पब, तो एका बड्या पबकंपनीचा. चालवायचा भाडेकरूनं, बिअर मात्र कंपनीकडूनच घ्यायची, बाहेरच्यापेक्षा महाग, आणि वर भाडं. तीन वर्षांत तीन भाडेकरू कर्ज करून निघून गेले. मग खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि कंपनी म्हणायला मोकळी: बघा, इथे पब चालतच नाही, आता घरं बांधू द्या.

2011 च्या लोकॅलिझम कायद्याखाली यादीतल्या 21 मतदारांनी मागणी केली तर कौन्सिल अशी वास्तू गावाच्या उपयोगाची म्हणून पाच वर्षांसाठी नोंदवू शकते. मग मालकाला विकायची झाली तर आधी सहा आठवडे थांबायचं. तेवढ्यात गावानं ‘आम्ही बोली लावतो’ म्हटलं, तर सहा महिने. बस्स. गावालाच विक, स्वस्तात विक, असं काहीही बंधन मालकावर नाही. सहा महिन्यांत पैसे उभे करा नाहीतर गप्प बसा.

आम्ही केले. आज काउंटरशेजारी दूध-पाव मिळतो, गुरुवारी दोन तास पोस्टाचं काम होतं, मागच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं आहेत. माझी आई, गळ्यात तुळशीची माळ, गेल्या उन्हाळ्यात रोज अकराला तिथे जाऊन बसायची. इंग्रजी येत नाही. सगळ्या म्हाताऱ्यांना नावानिशी ओळखते. "चल, चावडीवर जाऊन येते," म्हणायची.

ती चावडी वाचवली. शेरा मारणाऱ्यांनी एवढं वाचून मग हसावं.

शब्दबंबाळ

‘येडा’ नव्हे, ‘वेडा’. असो. शेरा मारणाऱ्याला एक कळलेलं नाही. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. दारू विकायचा मक्ता ज्याच्याकडे, त्याचं दुकान म्हणजे गुत्ता. तेव्हा कंपनीच्या तावडीत होता तोवर तुमचा पब शंभर टक्के गुत्ता होता. गावानं घेतल्यावर तो गुत्ता राहिला नाही. शीर्षक बरोबर आहे, पण तुम्हाला ते चुकून जमलंय.

बोरीबाभळी

आईची माळ मधे आणलीत म्हणून लिहिते.

तुमच्या आईला चावडी वाटली कारण तुम्ही पिऊन घरी येत नाही. माझ्या आईलाही आमच्या गावचा गुत्ता नावानिशी माहीत होता. तिथून वडलांना उचलून आणायला मी आणि थोरला भाऊ जायचो, मी सहावीत, तो आठवीत. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. पावसाळ्यात चिखलातून. बसायला छप्पर तिथेही होतं. लोक सुखदुःखं तिथेही बोलायचे, फार छान बोलायचे. घरी आल्यावर बोलणं संपायचं आणि हात चालायचा.

‘अडाणी बायका’ हा शब्द तुम्ही शेऱ्यातून उचललात आणि एका वाक्यानंही खोडला नाहीत. पबची बाजू घेण्यात तो तसाच राहून गेला. मला त्याचाच राग आला.

डोंगरपल्याड

ताई, राहून गेला हे खरं. चूक माझी. पण माझ्या गावच्या पबनं तुमच्या गावच्या गुत्त्याची शिक्षा का भोगावी?

हिशेबी कारकून

मी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये वीस वर्षं घरांच्या हिशेबातच आहे, म्हणून भावना बाजूला ठेवून विचारतो. पैसे कुणी दिले?

सहा महिन्यांत लाखो पौंड उभे करणारं गाव म्हणजे लंडन-लीड्सची घरं विकून निवृत्तीला आलेल्यांचं गाव. पेन्शन आहे, वेळ आहे, समितीत एक वकील आणि एक अकाउंटंट आहे. खाणी बंद पडल्या त्या गावांतले पब कोण वाचवतंय? तिथेही 21 सह्या मिळतील, पुढचे पैसे कुठून आणायचे? 2000 साली अख्ख्या ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. त्यात गावांनी विकत घेतलेले किती? समुद्रातून तांब्याभर.

आणि पब मेला तो एकट्या कंपनीमुळे नाही. 2007 मध्ये आत सिगरेट ओढायला बंदी आली, 2008 ते 2012 दरवर्षी बिअरवरचा कर वाढत गेला, सुपरमार्केटात कॅन स्वस्त, आणि लोक सोफ्यावरून उठेनात. ज्यांनी वर्षभर पाय ठेवला नाही तेच फळ्या ठोकल्यावर ‘आमचा पब’ म्हणून गळा काढतात.

डोंगरपल्याड

शेवटचं वाक्य लागलं, कारण त्यातला एक मी. बंद पडण्याआधीच्या वर्षात मी दोनदा गेलो होतो, त्यातलं एकदा लघवीला.

पण ‘श्रीमंत निवृत्तांचा खेळ’ हे पटत नाही. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ओल्ड क्राऊन 2003 मध्ये गावानं घेतला, सहकारी मालकीचा देशातला पहिला पब. तेव्हा हा कायदाही नव्हता. आमच्याच यॉर्कशरमध्ये हडस्वेलचा जॉर्ज अँड ड्रॅगन 2008 ला बंद पडला, 2010 मध्ये गावानं उघडला, आत छोटं दुकान, वाचनालय, बाहेर भाजीचे वाफे. 2016 चा देशातला सर्वोत्तम पब तोच ठरला. लंडनमध्ये ननहेडचा आयव्ही हाउस 2013 मध्ये रहिवाशांनी घेतला, नव्या कायद्याखाली नोंद झालेला देशातला पहिला पब. ननहेडमध्ये निवृत्त मेजर राहत नाहीत.

आणि शेअर म्हणजे तुमच्या बाजारातले शेअर नव्हेत. पन्नास पौंडवाला आणि वीस हजारवाला, दोघांना एकच मत. आमचा मोठा देणगीदार सभेत तीनदा हरलाय. कार्पेट बदलण्यावरून.

हिशेबी कारकून

बरं, कार्पेटपुरती लोकशाही मान्य.

झाडीपट्टी

बोरीबाभळी ताई, तुमचं दुःख मोठं आहे, पण बाटली आडवी करून काय झालं ते आमच्या चंद्रपुरात येऊन बघा. 2010 साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया पायी गेल्या. 2015 च्या एप्रिलात जिल्ह्यात दारूबंदी लागली. 2021 मध्ये सरकारनंच उठवली. मधली सहा वर्षं माझं किराणा दुकान होतं. शाळेच्या दप्तरातून पोरं पव्वे पोचवायची, ऐंशीचा पव्वा तीनशेला. पिणारा पीतच होता, फक्त बायकोच्या मंगळसूत्रातलं आणखी सोनं गेलं. परवान्याची दुकानं बंद झाली की धंदा गुंडाच्या हातात जातो. त्यापेक्षा इंग्लंडवाल्यांसारखं दुकान गावाच्याच ताब्यात असलेलं बरं.

बोरीबाभळी

दादा, तुमच्या दुकानात पव्वे ठेवायचे का हो तेव्हा? सहज विचारलं.

बंदी फसली कारण ती राबवायची नव्हतीच कुणाला. गडचिरोली 1993 पासून बंद आहे, तिथल्या बायकांना विचारा, उठवू का म्हणून.

आणि बाटली आडवी करणं इतकं सोपं वाटतं? आमच्या मामीच्या गावानं केलंय. आधी गावातल्या पंचवीस टक्के बायकांच्या सह्या. सह्या खऱ्या की खोट्या हे तपासायला अधिकारी येतो, तो येणार म्हणून दुकानदाराला आधी कळतं, मग नवरे घरात सांगतात, ‘सही माझी नाही म्हण’. त्यातून निभावलं तर मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत वारलेल्या सासवा, लग्न होऊन गेलेल्या लेकी, ऊसतोडीला गेलेल्या जावा. त्या सगळ्यांची मतं आपोआप उभ्या बाटलीला. मामीनं पुण्याहून, साखर कारखान्यांवरून टेम्पो करून बायका आणल्या होत्या. अकरा मतांनी जिंकल्या.

तिकडे पब वाचवायला एकवीस सह्या. आमच्याकडे बंद करायला अर्धं गाव, मेलेल्यांसकट.

झाडीपट्टी

पव्वे नव्हते ठेवत. आरोप करण्याआधी विचार करा. दुकान त्याच पोरांनी एकदा फोडलं होतं, तक्रार दिली म्हणून.

बोरीबाभळी

मग सॉरी. पण तक्रार दिलीत म्हणजे बंदीच्याच बाजूनं उभे राहिलात ना?

झाडीपट्टी

तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तिरफळ

भांडा हो भांडा. आमच्या गोव्यात या प्रश्नाला कुणी मनावर घेत नाही. वाड्यावर एक तावेर्न, पुढे बटाटे-कांदे, मागे बाकडं. मार्च-एप्रिलात उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, येतो, पंच, पाद्री, भटजीचा मुलगा सगळे त्याच बाकड्यावर. आता मात्र बाकडं जातंय. तावेर्न विकून दिल्लीवाला तिथे ‘अनुभव’ देणारा बार काढतो, तोच ग्लास चौपट दरात, आणि बाकड्यावर बसणारा बाहेरून बघतो. आमच्याकडे 21 सह्यांचा कायदा असता तर पहिली माझी.

शब्दबंबाळ

झाडीपट्टी आणि बोरीबाभळी, तुम्ही दोघं वेगळा धागा काढा. इथे विषय यॉर्कशरचा होता.

बोरीबाभळी

विषय ‘अडाणी बायका’ हाच होता. शेरा वाचा परत.

मिडलंड मावशी

चावडी चावडी ऐकून घेतलं. आता माझंही ऐका.

माझे सासरे 1962 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकला आले, फाउंड्रीत. आजूबाजूला सगळे पंजाबी, हे एकटे मराठी. पाळी संपली की घसा भाजलेला असायचा, गोरे सगळे पबात. ह्यांना आत दारापाशी उभं राहून प्यायची परवानगी, पण गालिचा असलेल्या खोलीत बसायचं नाही. काही ठिकाणी तीही नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनची मंडळी गोऱ्या मित्रांना घेऊन मुद्दाम जायची, आधी गोऱ्यानं ग्लास मागायचा, मिळाला की काळ्यानं, आणि नकार मिळाला की साक्षीला माणूस हजर. 1965 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स आले ते याच गावात. त्याच वर्षी कायदा झाला, सार्वजनिक जागी रंगावरून नाकारता येणार नाही असा. सासरे त्यानंतरही पंधरा वर्षं त्या पबात गेले नाहीत. मग तो बुडायला लागला आणि एका पंजाब्यानं चालवायला घेतला. आता तिथे शुक्रवारी मिक्स ग्रिलसाठी गोऱ्यांची रांग असते. हल्ली अशांना देसी पब म्हणतात, या भागात बरेच आहेत. त्यासाठी शेअर काढावे लागले नाहीत की समिती नाही. पब कुणी वाचवले याची यादी करताना तो पंजाबी विसरू नका.

डोंगरपल्याड, तुमच्या गावात तुम्ही सोडून तपकिरी किती? आईंना लोक ओळखतात, छान. मी विचारते कारण मला माहीत आहे, एकाला लाडानं वागवणं सोपं असतं.

डोंगरपल्याड

मावशी, आम्ही दोन घरं. दुसरं डॉक्टरांचं.

उत्तर नाही माझ्याकडे. पहिल्या वर्षी मी आत गेलो की गप्पा थांबायच्या, हेही खरं. शेअरच्या वेळी दारोदार फिरायला माणूस हवा होता, मी हो म्हटलं, तेव्हापासून थांबत नाहीत.

हिशेबी कारकून

म्हणजे पाचशे पौंड प्रवेश फी. स्वस्तात पडलं.

कायद्याचं कौतुक चाललंय म्हणून एक आठवण. 2015 मध्ये लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न बिल्डरनं परवानगी न घेता पाडला. तेव्हा वारसा यादीत घालायचा विचार चालू होता, म्हणून मापं आणि नोंदी आधीच घेतलेल्या होत्या. कौन्सिलनं सांगितलं, होता तस्सा उभा कर. केला. 2021 मध्ये उघडला. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये स्टॅफर्डशरचा तो वाकडा क्रुकेड हाउस विकल्यावर काही दिवसांत जळला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. 2017 पासून पब पाडायला परवानगी सक्तीची आहे. बुलडोझरला सांगा.

डोंगरपल्याड

म्हणूनच जुलै 2025 मध्ये नवं विधेयक मांडलं गेलं. त्यात विकत घ्यायचा पहिला हक्क गावाला आणि सहाऐवजी बारा महिने. स्कॉटलंडात जमिनीबाबत असा हक्क 2003 च्या कायद्यानं दिलाय.

आणि हो, सरकारचा दीडशे दशलक्ष पौंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड होता, तो 2024 च्या डिसेंबरात गुंडाळला. हक्क वाढवला, पैसे काढून घेतले. एवढ्यापुरतं कारकुनांचं बरोबर.

हिशेबी कारकून

एवढ्यापुरतं? दिवसभर हेच सांगतोय.

बोरीबाभळी

एक विचारायचं राहिलं, डोंगरपल्याड. तुमच्या त्या पबात कुणी रोज जास्त प्यायला तर काय करता? मालक तुम्हीच ना आता, वर्गणीदार.

डोंगरपल्याड

आहे एक जण. बायको गेल्यापासून. मॅनेजर तिसऱ्या ग्लासानंतर देत नाही, कुणीतरी घरी सोडतं, बहुतेक मीच, गाडी माझीच शुद्धीत असते म्हणून. गेल्या सभेत विषय निघाला होता की त्याला बंदी करावी का. अर्धा तास वाद झाला आणि ठरलं काहीच नाही.

बोरीबाभळी

घरी लेकरं आहेत का त्याच्या?

डोंगरपल्याड

एक मुलगी. अकरावीत असेल.

बोरीबाभळी

मग पुढच्या सभेला तिला बोलवा. शेअर असो नसो.