ग्रीन कार्डाची पाच वर्षे पूर्ण होत आली असताना भारतात दीर्घ मुक्काम करावा का?

प्रश्न:
मी २०१० मध्ये एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर अमेरिकेत आलो. माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतला क्रमांक ठरवणारी तारीख) ऑक्टोबर २०१३ ची होती आणि एका देशाच्या लोकांना वर्षाकाठी ७ टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे न देण्याच्या मर्यादेमुळे ग्रीन कार्ड हाती पडायला एप्रिल २०२२ उजाडला. मधली साडेआठ वर्षे व्हिसा बुलेटिनमधली (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली हे सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकातली) तारीख पुढे सरकली की मागे गेली, एवढेच पाहण्यात गेली. आता येत्या जानेवारीत नागरिकत्वाचा अर्ज (एन-४००) भरण्याच्या बेतात असताना वडिलांना पक्षाघात झाला असून मला सात-आठ महिने त्यांच्याजवळ राहावे लागेल असे दिसते. पत्नी आणि मुलगी इथेच राहतील, नोकरीतून बिनपगारी रजा मिळाली आहे. एवढ्या मुक्कामाने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते का? रीएन्ट्री परमिट (दीर्घ काळ बाहेर राहून अमेरिकेत परतण्याचा परवाना) काढले की झाले, असे एका परिचितांचे म्हणणे आहे.

प्रतिसाद १:
हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्या परमिटने ग्रीन कार्ड शाबूत राहायला मदत होते, पण नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य त्याने राखले जात नाही. एका फेरीत सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते आणि तसे झाले नाही हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. वर्ष उलटले तर मात्र खंड पडतोच. पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असण्याची अट निराळी आहे, ती तुम्ही सहज पूर्ण करता.

प्रतिसाद २:
माझी एक फेरी १९४ दिवसांची झाली होती. मुलाखतीत अधिकारी पासपोर्टची पाने उलटत शिक्क्यांवरच्या तारखा कागदावर उतरवत होते आणि त्या १९४ दिवसांपाशी येऊन थांबले. घरभाड्याचा करार, करविवरणपत्रे आणि मुलाच्या शाळेचे दाखले दिल्यावर काम झाले, पण निर्णय यायला आणखी चार महिने लागले. वकिलांनी याची आधी कल्पना दिली असती तर मी पंधरा दिवस आधीच परतलो असतो.

प्रतिसाद ३:
वडिलांची प्रकृती पाहता शपथविधीनंतरच्या काळाचाही आताच विचार करावा. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड जमा करून घेतात आणि भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते, त्यामुळे खिशातल्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. अमेरिकी पासपोर्ट आणि त्यावर भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड) हाती येईपर्यंत तातडीने निघणे अवघड असते. गरज वाटल्यास शपथविधीची तारीख पुढे ढकलण्याची लेखी विनंती करता येते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. शपथेनंतरच्या त्या आठवड्यांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. आता एकदम आठ महिने न राहता साडेचार महिन्यांनी परतायचे आणि त्यानंतरचे काही महिने धाकट्या बहिणीने वडिलांजवळ राहायचे, असे आम्ही काल रात्री ठरवले आहे. अर्ज जानेवारीतच भरेन.