निनावी तक्रार घ्यायची की नाही? आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: कमिटीत ठरलंय, १ तारखेपासून तक्रारीच्या फॉर्मवर नाव आणि फ्लॅट नंबर टाकावाच लागेल. निनावी तक्रार घेणार नाही.

बी-६०२: बरोबर केलंत 👍 रात्रीच्या वॉचमनवर कुणीतरी दारूचा आळ घेतला. तो ऑफिसात हात जोडून विचारत होता, "साहेब, कोण म्हणालं तेवढं तरी सांगा." काय सांगणार त्याला?

ए-१०४: काका, ते वाईटच झालं. पण पंपरूममधली उघडी वायरसुद्धा निनावी तक्रारीतूनच कळली ना? खाली ओल, आणि मुलं तिथेच लपाछपी खेळतात. भाडेकरूला ११ महिन्यांचा करार पुढे वाढेल की नाही ही धाकधूक असते. घरमालक कमिटीवर असला तर भाडेकरू नाव घालून लिहीलच कशाला?

बी-६०२: खरं बोलणाऱ्याने घाबरायचं कशाला?

ए-१०४: तळेगावचे सतीश शेट्टी घाबरले नव्हते. माहिती अधिकार वापरून जमिनींचे व्यवहार उघडपणे बाहेर काढत होते. पोलीस संरक्षण मागितलं होतं त्यांनी. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. आणि 'लोकहितवादी' हे तरी टोपणनावच ना? गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्या नावाने पत्रं लिहीत होते. त्यांना भित्रे म्हणायचं का?

सी-२०३: दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या वेबसाइटवर लिहिणाऱ्यांना खरी ओळख पटवणं सक्तीचं केलं होतं. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. आपला फॉर्म तर अख्ख्या कमिटीला दिसतो.

बी-६०२: सगळं मान्य. पण वॉचमनची नोकरी जात होती, त्याचं काय?

ए-१०४: म्हणून सरसकट नियम नको. माणसावर आरोप असेल तर नाव हवंच, आणि त्या माणसाचं म्हणणं आधी ऐकायचं. वायर, लिफ्ट, टाकी, हिशेब हे जाऊन बघता येतं. तिथे सांगणारा कोण, याच्याशी आपल्याला काय करायचंय? माहिती अधिकारातही कलम ६(२) प्रमाणे संपर्कापुरता तपशील पुरतो, अर्ज का केला ते सांगावं लागत नाही.

डी-५०१: आणि आरोप कमिटीतल्याच माणसावर असेल तर?

ए-१०४: वहिनी, मग नाव कमिटीबाहेरच्या एकाच ज्येष्ठ सभासदाकडे राहू दे. त्यांनी खातरजमा करायची, नाव फोडायचं नाही.

सेक्रेटरी: ठीक. १ तारखेचा नियम थांबवतो. रविवारी ७ वाजता क्लबहाउसमध्ये बसू. भाडेकरूंनाही बोलवा.

बी-६०२: वॉचमनलाही बोलवा. त्याची माफी सगळ्यांसमोर मागायला हवी.