सोसायटी ग्रुप : रविवारी चित्रप्रदर्शन, कोण येतंय?

बी-४०२ : ग्रुपवर ज्याचं आमंत्रण आलं होतं, ते एका चित्रकार बाईंचं एकल चित्रप्रदर्शन काल बघून आलो. सगळी चित्रं अध्यात्म आणि कॅथलिक श्रद्धेवर. रविवारी शेवटचा दिवस, मी परत जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत.

ए-१०१ : काका, आपण काय बघायचं त्यात? प्रचारबिचार नाही ना?

बी-४०२ : अहो, दारात कोणी पत्रकंसुद्धा वाटत नव्हतं. चित्रकार बाई कोपऱ्यात मोबाइल चार्जिंगला लावून बसल्या होत्या. एका भिंतीवर ओळीनं १४ चित्रं आहेत, येशूला शिक्षा सुनावल्यापासून थडग्यात ठेवेपर्यंत. पहिली पाच मी भराभर उरकली, सहाव्यापाशी अडकलो. एक बाई त्याचा रक्ताघामानं माखलेला चेहरा फडक्यानं पुसते आणि चेहरा फडक्यावर उमटतो. फडक्याच्या जागी रंगच लावलेला नाही! कोरा कॅनव्हास, धागा न धागा दिसतो. चेहरा म्हणजे पेन्सिलीच्या चार रेघा. जवळ गेलं की काहीच कळत नाही, दोन पावलं मागं सरलं की दिसायला लागतो.

सी-२०३ : ती वेरोनिका, भाऊ. ही १४ ठिकाणं म्हणजे आमची क्रूसाची वाट. गुड फ्रायडेच्या आधीचे काही आठवडे दर शुक्रवारी चर्चमध्ये एकेका चित्रापुढे थांबून प्रार्थना करतो. गंमत म्हणजे बायबलमध्ये वेरोनिका कुठेच नाही, परंपरेनं आलेली. माझ्या आईची मात्र सगळ्यात लाडकी.

ए-१०१ : मला वाटायचं तुमच्यात मूर्तीपुढे हात जोडलेले चालत नाहीत.

सी-२०३ : आक्षेप बऱ्याच प्रोटेस्टंट पंथांचा. ७८७ साली निकायाला धर्मसभा भरली, तिनं ठरवलं की चित्राला दिलेला मान ज्याचं चित्र आहे त्याला पोचतो.

ए-१०१ : आमचे गुरुजी डिट्टो हेच सांगतात 😀

डी-५०४ : प्रदर्शनाचे फोटो बघितले. येशूच्या आईला, मरियेला साडी कशाला? हल्ली काहीतरी वेगळं दाखवायचं म्हणून करतात.

बी-४०२ : ताई, हल्लीचं कुठलं! चित्रकार आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्याचे. शांतिनिकेतनात शिकले आणि साडीतली मरिया रंगवली. गोव्यात त्यावरून बोलणी खाल्ली. पुढं पुण्यात आश्रमात राहून तशीच चित्रं काढत राहिले, १९६७ साली पुण्यातच गेले. आणि सोनेरी केसांची मरिया तरी कुठं खरी? ती नाझरेथची ज्यू मुलगी. युरोपातल्या चित्रकारांनी तिला आपापल्या गावचे चेहरे दिले, ते आपल्या डोळ्यांत बसले.

डी-५०४ : बरं, मान्य. पण या बाईंनी निऱ्या उलट्या खोचल्यात.

सी-२०३ : 😂 आणि ते सोनेरी तेजोवलय फारच चकचकीत. डोळ्यांत जातं.

ई-३०२ : काका, कॅथलिक चित्र म्हटलं की भक्तीच असते असं नाही हं. चित्रकार एफ. एन. सूझा बघा, तेही गोव्याचेच, घर कॅथलिक. त्यांचं १९५९ चं क्रूसावरच्या येशूचं चित्र लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे आहे. काळाकुट्ट, काटेरी येशू. बघून हात जोडावेसे वाटत नाहीत, घाबरायला होतं. या प्रदर्शनात तसा राग कुठे आहे का?

बी-४०२ : नाही, राग नाही. दोन-तीन चित्रं तर अगदीच गोडगोड आहेत, कॅलेंडरवर शोभतील अशी. त्या १४ साठी मात्र ये.

ए-१०१ : तिकीट?

बी-४०२ : फुकट.

ए-१०१ : मग एक जागा माझी धरा.

ई-३०२ : एक माझी.

बी-४०२ : झालं तर. रविवारी साडेदहा, गेटपाशी. सी-२०३ ताई, तिसरी जागा तुम्हाला ठेवू?

सी-२०३ : नको, मी चर्चमधली मिस्सा (रविवारची प्रार्थना) आटोपून परस्पर येते. आधीच सांगते, मी चौदाही चित्रांपुढे थांबणार. मागून घाई करायची नाही.